सावकाराच्या घरातले तुकोबा, ज्यांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले

परभणी जिल्ह्यातल्या गावागावात आज तुकोबारायांचे अभंग म्हटले जातात. पण तुकोबांचं घर सावकारीचं होतं, हे नव्या पोरांना फारसं ठाऊक नसतं.

पुण्याजवळच्या देहू गावी १६०८ साली त्यांचा जन्म झाला, असं मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी शेती, दुकान, बाजारपेठेची महाजनकी अन् सावकारी. थोरले भाऊ सावजी विरक्त निघाले, म्हणून कारभार लहान वयातच तुकोबांवर आला. पुढं आई-वडील गेले.

१६३०-३१ चा दुष्काळ मोठा भयंकर होता. गुरं मेली, धंदा बसला, तुकोबांचं दिवाळं निघालं. पहिली बायको रखुमाई अन्नावाचून गेली, पोरगा संतूही गेला. सावकाराच्या घरची ही गत, तर कुळांचं काय झालं असेल?

तुकोबा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. धाकटे भाऊ कान्होबा त्यांना शोधून घेऊन आले. मग घरातले कर्जाचे कागद बाहेर काढले. निम्मे कान्होबांच्या संसारासाठी त्यांना दिले आणि आपल्या वाट्याचे निम्मे इंद्रायणीत सोडले, अशी परंपरेनं चालत आलेली हकिकत आहे. भावाचा हक्क त्यांनी मारला नाही, सोडलं ते स्वतःचं. कागद बुडाले अन् तेवढी कुळं मोकळी झाली. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेला, त्यांचं वैकुंठगमन मानतात.

आता कागद नदीत सोडणारा सावकार भेटत नाही, पण कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कुणी छळत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, या कार्यालयात किंवा परभणीला जिल्हा उपनिबंधकांकडं लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या.

आता कर्जाचा कागद मोबाईलमध्येही आलाय. दोन मिनिटांत कर्ज देणारं ॲप तुमच्या फोनमधले नंबर अन् फोटो मागत असेल, तर परवानगी देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन लावा. कोऱ्या स्टँपवर सही तर कुणालाच देऊ नका, सोयरा असला तरी.