सल्ला नको, आधी मसुदा!

करिअरचा सल्ला द्यायला तुमच्याकडेही काका-मामा तयारच असतील ना? गोपाळ कृष्ण गोखल्यांना लाभले न्यायमूर्ती रानडे. १८६६ मध्ये कोतळूकला जन्मलेले गोखले विशीत पुण्यात शिकवत होते. रानडे त्यांना सरकारी अहवाल वाचायला लावायचे, आकडे तपासायचे, मसुदा जमला नाही की पुन्हा लिहायला सांगायचे. नुसतं लेक्चर नाही, सोबत बसून काम! १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना ही तयारी कामी आली.

१९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या गांधींना सल्ला द्यायची पाळी गोखल्यांची. वर्षभर देश फिरायचा, जाहीर मतं मांडायची नाहीत, इतकंच. गांधी जेमतेम तीन वर्षांनी लहान, बरं का! फेब्रुवारीत गोखले गेले. जाब विचारणारं कुणी उरलं नव्हतं, तरी गांधींनी ते वर्ष पाळलं.