अण्णासाहेब किर्लोस्कर

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (३१ मार्च, १८४३ – २ नोव्हेंबर, १८८५) हे मराठी नाटककार, पदरचनाकार, नट आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचे संस्थापक होते. संगीत शाकुंतल आणि संगीत सौभद्र या नाटकांमुळे त्यांना मराठी संगीत रंगभूमीचे जनक मानले जाते. सूत्रधाराच्या तोंडी असलेले गाणे त्यांनी नाटकातील पात्रांच्या तोंडी दिले. त्यामुळे प्रेम, विरह, मत्सर आणि रुसवा या भावना ज्या पात्राच्या, त्याच पात्राच्या सुरांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागल्या. सुभद्रेचे अर्जुनावरील प्रेम आणि तिच्यासाठी ठरवलेला दुर्योधन हा वर यांभोवती रचलेले सौभद्र हे या बदलाचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण होय.

जन्म आणि शिक्षण

अण्णासाहेबांचा जन्म सध्याच्या कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात असलेल्या गुर्लहोसूर या गावी झाला. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे जन्मगावही हेच. हा परिसर कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांचा असल्याने अण्णासाहेबांच्या कानांवर लहानपणापासून दोन्हीकडची गाणी पडत होती. पुढे त्यांच्या पदांच्या चालींमध्ये कर्नाटकी वळणे आली, त्याचे मूळ या संस्कारांत आहे.

वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे शिक्षण घरीच झाले. त्यानंतर ते कोल्हापूरला आणि पुढे पुण्याला शिकण्यासाठी गेले. पुण्यात अभ्यासापेक्षा नाटकांकडेच त्यांचा ओढा अधिक राहिला. गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळ्यांना ते पदे रचून देत. परिणामी त्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले.

तत्कालीन रंगभूमी

अण्णासाहेबांचा जन्म झाला त्याच वर्षी, म्हणजे १८४३ मध्ये, विष्णुदास भावे यांनी सांगली येथे सीतास्वयंवर हे नाटक सादर केले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या संस्थानिकांनी तशी नाटके मराठीत करण्यास भाव्यांना सांगितले होते. भाव्यांच्या पद्धतीत सूत्रधार आणि त्याचे साथीदार सर्व पदे गात. पात्रे त्या पदांना अनुसरून हावभाव करीत आणि ऐनवेळी सुचेल तसे गद्य बोलत. देव, ऋषी, राक्षस व स्त्रिया यांचे ठरावीक कचेरी-प्रवेश असत, आणि राक्षसांच्या आरडाओरड्याला खेळात मोठे स्थान असे.

या नाटकांत गाणे भरपूर असले तरी ते पात्राचे नव्हते. सीतेचे दुःख सूत्रधार गाई आणि सीतेची भूमिका करणारा मुलगा समोर उभा राही. त्यातच, इंग्रजी शिक्षण घेतलेल्या तरुणांनी शेक्सपिअरची व संस्कृत नाटकांची भाषांतरे रंगभूमीवर आणल्यावर गद्य नाटकांचा एक वेगळा प्रवाह सुरू झाला. त्यात लिखित संहिता व बांधीव संवाद होते, परंतु गाणे नव्हते. हे दोन प्रवाह एकत्र आणण्याचा प्रयत्न सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी संगीत नलदमयंती या नाटकातून किर्लोस्करांच्या आधी केला होता. त्या प्रयत्नाला स्थिर आणि सर्वमान्य रूप मिळाले ते मात्र किर्लोस्करांच्या हातून.

नोकरी आणि आरंभीचे लेखन

१८६६ च्या सुमारास अण्णासाहेबांनी भारतशास्त्रोत्तेजक मंडळी ही नाटकमंडळी उभारली. ती फार काळ टिकली नाही. उपजीविकेसाठी त्यांनी बेळगावात शिक्षकाची नोकरी केली. शारदा या नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे बेळगावातील विद्यार्थी होत. पुढे अण्णासाहेब रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस लागले.

त्या काळी नाटकात काम करणे हा प्रतिष्ठित घरांतील लोकांना शोभणारा व्यवसाय समजला जात नसे. सरकारी नोकरीतील शिकलेल्या माणसाने स्वतः तोंडाला रंग लावून रंगमंचावर उभे राहणे ही असामान्य गोष्ट होती. तरीही नोकरीच्या काळात त्यांचे लेखन सुरूच राहिले. शांकरदिग्विजय (१८७३) हे त्यांचे गद्य नाटक शंकराचार्यांच्या चरित्रावर आधारलेले आहे. अल्लाउद्दिनाची चितुरगडावरील स्वारी हे ऐतिहासिक नाटकही त्यांनी लिहावयास घेतले होते. या दोन्ही कृतींमुळे त्यांना विशेष नाव मिळाले नाही.

संगीत शाकुंतल

१८८० मध्ये पुण्यात एका पारशी नाटकमंडळीने इंद्रसभा या उर्दू संगीत नाटकाचा प्रयोग केला. तो पाहून तसे नाटक मराठीत करण्याची कल्पना अण्णासाहेबांना सुचली. कथानकासाठी मात्र त्यांनी कालिदासाचे अभिज्ञानशाकुंतल निवडले आणि ते मराठीत उतरवण्यास सुरुवात केली. ३१ ऑक्टोबर, १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सातही अंकांचे पूर्ण नाटक पुढील वर्षी रंगभूमीवर आले.

मूळ संस्कृत श्लोकांच्या जागी त्यांनी पदे, साक्या, दिंड्या आणि इतर वृत्तबद्ध रचना योजल्या. त्यांच्या चाली कीर्तन, लावणी, स्त्रीगीते, हिंदुस्थानी राग व कर्नाटकी गाणी अशा श्रोत्यांच्या परिचयाच्या ठिकाणांहून घेतल्या होत्या. चाल ओळखीची असल्याने प्रेक्षकांचे लक्ष शब्दांकडे राही, आणि नाटक संपल्यावर पदे घरी गुणगुणता येत. पदांच्या मधले संवाद साध्या, बोलण्यातल्या गद्यात असत. सर्व संवाद गायले जाणाऱ्या युरोपीय ऑपेरापेक्षा हा प्रकार त्यामुळे वेगळा ठरतो.

मोरोबा वाघोलीकर (दुष्यंत), बाळकोबा नाटेकर (कण्व) आणि शंकरराव मुजुमदार (शकुंतला) हे या नाटकातील प्रमुख नट होते. मुजुमदारांनी पुढे अण्णासाहेबांचे चरित्रही लिहिले. सर्व स्त्रीभूमिका पुरुषच करीत. अण्णासाहेब स्वतः सूत्रधाराचे काम करीत. ज्या सूत्रधाराचे गाणे त्यांनी इतर पात्रांना वाटून दिले, त्याचीच भूमिका त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. त्यांच्या नाटकात सूत्रधार नांदी व प्रस्तावना करून बाजूला होतो आणि पुढचे नाटक पात्रांच्या हाती सोपवतो.

संगीत सौभद्र

शाकुंतल हे भाषांतर होते. सौभद्र या नाटकाची रचना मात्र अण्णासाहेबांची स्वतःची आहे. त्याच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग १८ नोव्हेंबर, १८८२ रोजी पुण्यातील पूर्णानंद नाट्यगृहात झाला. पाच अंकांचे संपूर्ण नाटक मार्च १८८३ मध्ये सादर झाले.

सुभद्राहरणाची कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देण्याचे ठरवणे आणि अर्जुनाने त्रिदंडी संन्याशाच्या वेषात द्वारकेस येणे हा भाग भागवताच्या दशम स्कंधात येतो. अण्णासाहेबांनी या कथेला कौटुंबिक विनोदी नाटकाचे रूप दिले. तीर्थयात्रेला निघालेल्या अर्जुनाला नारदाकडून सुभद्रेच्या ठरलेल्या लग्नाची वार्ता कळते. निराश झालेला अर्जुन संन्यास घेण्यास प्रवृत्त होतो, आणि कृष्ण त्याच्या या संन्यासाचाच उपयोग करून घेतो. भाविक बलराम यतीचा मोठा सन्मान करतो व त्याच्या सेवेसाठी सुभद्रेला नेमतो. ज्याला टाळायचे, त्यालाच बलराम नकळत घरात आणतो आणि बहिणीला त्याच्या जवळ ठेवतो.

या नाटकात दोन प्रतिस्पर्धी वरांचे युद्ध होत नाही. दुर्योधनापेक्षा बलरामाने दिलेला शब्द हा प्रेमिकांपुढचा खरा अडथळा आहे. म्हणून तो शस्त्राने दूर करता येत नाही, युक्तीने आणि घरच्या माणसांची मने वळवूनच दूर करावा लागतो. मुलीचे लग्न वडीलधाऱ्यांनी तिला न विचारता ठरवणे ही प्रेक्षकांच्या घरांतील रोजची गोष्ट होती. तिच्या मनात दुसरा कोणी आहे, हे तिने स्वतः गाऊन सांगणे ही मात्र रंगभूमीवरील नवी गोष्ट होती. पौराणिक वेषातील पात्रे यादवांच्या वाड्यात वावरत असली, तरी कृष्ण व रुक्मिणी यांच्यातील लटका रुसवा, भावाबहिणींमधील ताण आणि थोरल्या भावाचा राग हे सारे मराठी घरातले वाटते.

सौभद्रच्या यशात भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांचा वाटा मोठा आहे. बडोद्याचे हे तरुण गायक १८८२ मध्ये मंडळीत दाखल झाले आणि सुभद्रेच्या भूमिकेत अत्यंत लोकप्रिय झाले. नाटकाचे यश गायक नटाच्या गळ्यावर अवलंबून राहण्याची परंपरा येथून दृढ झाली. पुढील काळात तिचे फायदे दिसले, तसेच गाण्यापुढे नाट्य मागे पडण्याचा दोषही दिसला.

अखेरचे नाटक आणि मृत्यू

रामराज्यवियोग हे अण्णासाहेबांचे तिसरे संगीत नाटक रामाच्या वनवासाच्या कथेवर आधारलेले आहे. त्याच्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग ऑक्टोबर १८८४ मध्ये झाला. शाकुंतल व सौभद्र ही दोन्ही नाटके अशीच आधी अपुऱ्या रूपात सादर होऊन नंतर पूर्ण झाली होती. रामराज्यवियोगच्या बाबतीत तसे घडले नाही. २ नोव्हेंबर, १८८५ रोजी गुर्लहोसूर येथे वयाच्या ४२ व्या वर्षी अण्णासाहेबांचे निधन झाले आणि नाटक अपूर्णच राहिले. संगीत नाटककार म्हणून त्यांना अवघी पाच वर्षे मिळाली.

वारसा

संस्थापकाच्या निधनानंतरही किर्लोस्कर नाटक मंडळी दीर्घकाळ चालू राहिली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची नाटके तिने रंगभूमीवर आणली. १९०५ मध्ये बालगंधर्व या मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेतून त्यांची कारकीर्द सुरू झाली. १९१३ मध्ये त्यांनी गणेश गोविंद बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.

प्रेम आणि प्रतिस्पर्धी वर हा सौभद्रमधील विषय पुढील संगीत नाटकांत वारंवार आला. खाडिलकरांच्या मानापमान (१९११) मध्ये नायिकेपुढे धन आणि शौर्य यांतून निवड करण्याचा प्रश्न उभा राहतो. त्यांच्याच स्वयंवर (१९१६) मध्ये रुक्मिणीला शिशुपालाऐवजी कृष्ण हवा असतो, आणि तेथे भावाचा हट्ट आड येतो. देवलांच्या संगीत शारदा (१८९९) मध्ये हाच प्रश्न पुराणातून बाहेर पडून वृद्ध वर आणि अल्पवयीन मुलगी यांच्या सामाजिक वास्तवाशी येऊन भिडला. आपल्या लग्नाविषयी नायिकेने गाऊन बोलावे ही वाट या सर्व नाटकांना किर्लोस्करांनी मोकळी करून दिली होती.

सौभद्रचे प्रयोग व्यावसायिक मंडळ्यांबरोबरच कोकण-गोव्यातील उत्सवांत हौशी नटांनीही केले. स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याची पद्धत रूढ झाल्यावरही हे नाटक मागे पडले नाही, आणि त्याचे प्रयोग आजही होतात.