हमीद दलवाई : कथाकार आणि मुस्लिम स्त्रीचा प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हमीद उमर दलवाई यांची नोंद सामान्यतः दोन ठिकाणी विभागून होते. कथाकार म्हणून ती थोडक्यात केली जाते, समाजसुधारक म्हणून सविस्तर. या विभागणीमुळे एक गोष्ट दृष्टीआड होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मुस्लिम स्त्रीचा प्रश्न दलवाई यांच्यापुढे धर्मशास्त्राच्या चर्चेतून प्रथम आलेला नाही. तो घर आणि गाव पाहणाऱ्या कथाकाराच्या नजरेतून आलेला आहे.

दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी चिपळूणजवळील मिरजोळी येथे झाला. कोकणी मुसलमानांची बोली मराठीच्या कुळातली असल्यामुळे मराठी लिहिताना त्यांना परकेपणा नव्हता. राष्ट्र सेवा दलाचे व समाजवादी विचारांचे संस्कार तरुणपणीच झाले. पुढे मुंबईत आल्यावर आचार्य अत्रे यांच्या 'मराठा'त त्यांनी पत्रकारिता केली. 'लाट' हा कथासंग्रह १९६१ मध्ये व 'इंधन' ही कादंबरी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'इंधन'चा निवेदक दीर्घ काळानंतर मुंबईहून कोकणातील आपल्या गावी परततो आणि तेथील हिंदू-मुस्लिम तणावाच्या भडक्याचा साक्षीदार होतो. हा भडका केवळ धार्मिक नाही. जमीन, जात आणि स्त्री-पुरुष संबंध यांचे ताण त्यात गुंतलेले आहेत. स्त्रीवरील मालकी हा गावाच्या प्रतिष्ठेचा विषय कसा होतो, हे दलवाई यांनी येथे कोणताही सिद्धान्त न सांगता दाखविले आहे. मराठी समीक्षेने या कादंबरीतील जमातवादावर जेवढा भर दिला, तेवढा या बाजूवर दिलेला नाही.

'इंधन' प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरातच, १८ एप्रिल १९६६ रोजी, दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद व्हावे आणि सर्व नागरिकांना समान कौटुंबिक कायदा असावा, या त्यांच्या मागण्या होत्या. तत्कालीन व्यवहारात पतीने एका दमात तीनदा तलाक उच्चारला की विवाह संपे. पत्नीला मात्र सुटका हवी असल्यास १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातील कारणे न्यायालयापुढे सिद्ध करावी लागत. ही विषमता धर्माचा अटळ भाग आहे, असे म्हणणाऱ्यांना मुस्लिम देशांची उदाहरणे देता येण्यासारखी होती. तुर्कस्तानने १९२६ मध्येच नवा दिवाणी कायदा स्वीकारला होता. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व व न्यायालयाबाहेरील तलाक रद्द केला होता. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने दोहोंवर काही बंधने घातली होती. सात हा आकडा धैर्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी सातच स्त्रिया रस्त्यावर आल्या, ही वस्तुस्थितीही अभ्यासकाने डोळ्यांआड करू नये.

या सातांत मेहरुन्निसा दलवाई होत्या. दोघांचा विवाह १९५६ मध्ये इस्लामी पद्धतीने झाला, आणि नंतर महिन्याभरातच १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली त्याची पुन्हा नोंद करण्यात आली. या नोंदणीमुळे तोंडी तलाक आणि दुसरी पत्नी हे दोन्ही मार्ग पतीने स्वतःच आपल्यापुरते बंद करून घेतले. सार्वजनिक मागणीच्या दहा वर्षे आधी ती स्वतःच्या घरात पुरी झालेली दिसते. मेहरुन्निसा पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. मराठी त्यांनी लग्नानंतर आत्मसात केली.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. नावातच महात्मा फुले यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाचे स्मरण होते. १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम स्त्रियांची परिषदही भरली. मात्र याच काळात दलवाई यांच्या लेखनातून कथा मागे पडली आणि राजकीय वादविवाद पुढे आला. त्यातील तर्क धारदार आहे, पण 'इंधन'मधील स्त्री-पुरुष त्यात भेटत नाहीत. जमातवादी नेतृत्वाशी झुंज देण्यात त्यांची शक्ती खर्ची पडली. तलाक मिळालेल्या स्त्रीचे रोजचे जगणे कथेत आणण्याचे काम त्यांच्या हातून पुढे झाले नाही. त्यांच्यातील कथाकाराचे हे मोठेच नुकसान होय.

हिंगोलीसारख्या ठिकाणी मराठी शिकविणाऱ्याला येथे आणखी एक अडचण जाणवते. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. येथील मुस्लिम घरांत आजही प्रामुख्याने दखनी बोलली जाते. दलवाई यांचे मराठी हे कोकणातील मुसलमानाचे घरचे मराठी होते. मराठवाड्यातील ज्या स्त्रीविषयी ते बोलत होते, तिच्या घरात ती भाषा शाळेच्या वाटेने येते. वर्गातील मुस्लिम विद्यार्थिनी 'इंधन' वाचतात तेव्हा त्या दुसऱ्या एका प्रदेशाची कादंबरी वाचत असतात. मेहरुन्निसा यांचा उर्दूकडून मराठीकडे झालेला प्रवास त्यांना अधिक जवळचा वाटावा.

मूत्रपिंडाच्या विकाराने ३ मे १९७७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, दलवाई यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कोणतेही धार्मिक विधी न करता त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. काम थांबले नाही. शाहबानो खटल्याचा निकाल एप्रिल १९८५ मध्ये लागला आणि त्याच वर्षी मंडळाने महाराष्ट्रात तलाक मुक्ती मोर्चा काढला. १९८६ च्या कायद्याने त्या निकालाचा परिणाम बराचसा पुसून टाकला. मेहरुन्निसा यांचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन १९९५ मध्ये मराठीत आले. जून २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी २२ ऑगस्टला लागला.