दुष्काळांतील ताप आणि डॉ. व्हॅनडाइक कार्टर



सातपुड्याच्या पायथ्यास यावल, चोपडा, शिरपूर या बाजूच्या गांवीं ज्यांनीं पावसाळे काढिले आहेत, त्यांस हिंवतापाची ओळख करून देण्याची गरज नाहीं. आरोग्यसेवक घरीं येतो, रोग्याच्या बोटास सुई टोंचतो आणि रक्ताचा एक थेंब कांचेवर घेऊन जातो. त्या थेंबांत काय पाहावयाचें असतें, आणि या मराठी मुलखांत तें पाहण्यासाठीं आरंभींच्या काळीं कोणी डोळे शिणविले, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक नाहीं.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजीं इंग्लंडांतील हल या गांवीं झाला. वडील चित्रकार होते, व मुलाच्या हातींही तीच कला उतरली. लंडन येथील सेंट जॉर्जेस रुग्णालयांत ते वैद्यक शिकले. तेथें हेन्री ग्रे नांवाच्या डॉक्टरांनीं मनुष्यशरीराच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला, व त्यांतील चित्रें कार्टर यांनीं काढिलीं. तो ग्रंथ १८५८ सालीं निघाला, आणि आजही जगांतील वैद्यकाचे विद्यार्थी तो ग्रे यांच्याच नांवानें ओळखतात. चित्रांबद्दल कार्टर यांस एकदांच १५० पौंड मिळाले. ग्रे यांस मात्र प्रतींच्या खपावर पैसा मिळत राहिला, व मुखपृष्ठावर कार्टर यांचें नांव ग्रे यांच्या इच्छेनें बारीक टाइपांत छापिलें गेलें. खरें पाहतां त्या ग्रंथाचें अर्धें यश चित्रांचें आहे. परंतु तो निघाला तेव्हां कार्टर मुंबईस येऊन पोंचले होते.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं कांहीं वर्षें शिकविलें. पुढें १८६३ पासून १८७२ पर्यंत ते साताऱ्यास सरकारी डॉक्टर होते. अनवाणी शेतांत राबणाऱ्या कुणब्यांचे पाय सुजून त्यांस छिद्रें पडत व आंतून दाणे बाहेर येत. या 'मदुरा पाय' नांवाच्या रोगावर त्यांनीं १८७४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यासाठीं ते नॉर्वे देशासही जाऊन आले.

मग १८७६ सालीं दक्षिणेंत पाऊस पडला नाहीं. दुष्काळानें गांजलेलीं माणसें गांव सोडून मुंबईच्या वाटेस लागलीं. अंगावर एकच वस्त्र, तें धुण्यास पाणी नाहीं, आणि रात्रीं शेंकडों माणसें एकमेकांस चिकटून निजत. १८७७ सालीं या लोकांत एक विलक्षण ताप पसरला. रोग्यास एकाएकीं थंडी भरे, पांचसहा दिवस अंग भट्टीसारखें तापे, मग दरदरून घाम सुटून ताप उतरे. आतां बरा झाला असें घरच्यांस वाटे, तोंच आठवड्याच्या आंत तोच ताप फिरून येई. दुबळ्या देहांस हे फेरे सोसत नसत; कित्येक दगावले.

हा हिंवताप कीं दुसरें कांहीं, हें नुसत्या नाडीवरून कळेना. बर्लिन शहरीं ओबरमायर नांवाच्या तरुण डॉक्टरानें अशा तापाच्या रोग्यांच्या रक्तांत मळसूत्रासारखे वळलेले बारीक जंतु पाहिले होते, व तें त्यानें १८७३ सालीं जाहीर केलें होतें. कार्टर यांनीं मुंबईच्या रोग्यांचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरिलें, तों तेच वळवळणारे धागे दिसले. ताप चढला असतां ते दिसत, उतरला म्हणजे नाहींसे होत, आणि ताप उलटला कीं पुन्हां दिसत. रोग्याचें रक्त त्यांनीं माकडांस टोंचलें, तेव्हां माकडांसही ताप आला व त्यांच्या रक्तांत ते जंतु सांपडले. हें काम धोक्याचें होतें. खुद्द कार्टर यांसही तो ताप जडला. बरे होऊन त्यांनीं तेंच काम पुढें चालविलें, आणि १८८२ सालीं या तापावर ग्रंथ लिहिला. मुंबईकडील या जंतूस पुढें शास्त्रज्ञांनीं त्यांचेंच नांव दिलें.

एक गोष्ट मात्र त्यांस उमगली नाहीं: जंतु एका माणसांतून दुसऱ्यांत जातो कसा? उपासमार, घाण आणि दाटी यांच्याशीं या तापाचें नातें आहे एवढें ते जाणून होते. उत्तर सांपडलें तें आपल्या खानदेशास लागून असलेल्या नाशिक येथें, एका मिशनच्या वसतीवर. तेथील १७० मुलग्यांपैकीं १३७ जणांस ताप आला, व ११४ मुलींपैकीं अवघ्या ३५ जणींस. डॉ. मॅकी यांनीं पाहिलें कीं मुलग्यांच्या कपड्यांत उवा फार होत्या, मुलींच्या थोड्या. आणि त्या उवांच्या पोटांत तेच जंतु होते. हें त्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. ऊ चावल्यानें ताप येतो असें नव्हे. अंगावर चिरडलेल्या उवेंतील जंतु खाजविलेल्या कातडींतून आंत शिरतात. म्हणून कपडे उकळणें हाच त्यावर खरा उपाय. आतां हा ताप हिंदुस्थानांतून गेला आहे. आफ्रिकेंतील इथिओपियाच्या बाजूस तो अजून आढळतो, व योग्य औषधाच्या एका मात्रेनेंही बहुधा हटतो.

हिंवतापाचा जंतु निराळा. तो रक्तांत मोकळा पोहत नाहीं, तांबड्या पेशींत घर करून ती आंतून खातो. म्हणून रोगी फिका पडतो. अल्जीरियांत लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांनीं तो १८८० सालीं पाहिला, पण पुष्कळ विद्वानांनीं विश्वास ठेविला नाहीं. कार्टर यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं मुंबईच्या रोग्यांचें रक्त पाहिलें, आणि लाव्हरां यांचें म्हणणें खरें असल्याचें १८८७ सालीं लिहून ठेविलें. पुढल्याच वर्षीं, तीस वर्षांची चाकरी पुरी करून ते स्वदेशीं परतले.

उतारवयांत त्यांस क्षयानें गांठलें, आणि ४ मे १८९७ रोजीं स्कारबरो येथें त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु दिसला.