डॉ. भाऊ दाजी, कॅमेरा आणि चट्टा

भायखळ्याच्या संग्रहालयाला नाव असलेले डॉ. भाऊ दाजी लाड जन्माने गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिचेही ते सभासद. धाकटे बंधू डॉ. नारायण तर पट्टीचे छायाचित्रकार. भाऊंनी कुष्ठरुग्णांना कडू कवठाच्या बियांचे तेल दिले. औषध मात्र बरीच वर्षे गुप्त ठेवले, हे खटकतेच. १८७४ मध्ये ते गेले. कुष्ठजंतू हॅन्सनने जेमतेम वर्षभर आधी शोधलेला. तोवर निदानाचा भरवसा डोळ्यांवर आणि बोटांवर.

आज तालुक्याहून चट्ट्याचा फोटो मोबाइलवर येतो. रंग, कडा दिसतात. बधिरता दिसत नाही. म्हणून तिथल्या डॉक्टरांना मी आधी विचारतो, रुग्णाला डोळे मिटायला लावून कापूस टेकवून पाहिलात का?