उरिएल दा कोस्टा

उरिएल दा कोस्टा (जन्म : पोर्तू, पोर्तुगाल, इ.स. १५८५च्या सुमारास, मृत्यू : आम्स्टरडॅम, इ.स. १६४०) हे पोर्तुगीज ज्यू विचारवंत होते. ईश्वरावर दृढ श्रद्धा असूनही त्यांनी मरणोत्तर जीवन नाकारले व त्यापायी त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्यांचे मूळ नाव गाब्रिएल.

पूर्वायुष्य

इ.स. १४९७ मध्ये पोर्तुगालमधील ज्यूंचे सक्तीने धर्मांतर झाले. अशाच एका 'नवख्रिस्ती' घराण्यात दा कोस्टा जन्मले. पुढे गोव्यातही ज्याने दहशत बसवली, त्या इन्क्विझिशनची अशा घराण्यांवर सतत नजर असे. कुइंब्रा विद्यापीठात त्यांनी चर्चच्या कायद्याचे शिक्षण घेतले आणि पोर्तूतील एका चर्चचे खजिनदारपद मिळवले. मात्र नरकाच्या भीतीने त्यांना तरुणपणीच ग्रासले होते. पापांची कबुली देऊनही मुक्तीची खात्री वाटेना. या अस्वस्थतेतून ते मोशेच्या धर्मशास्त्राकडे वळले. १६१४च्या सुमारास आई व भावांसह त्यांनी गुप्तपणे देश सोडला. कुटुंब आम्स्टरडॅमला पोहोचले. उरिएल काही काळ हॅम्बुर्गला राहिले.

परलोकाचा वाद

ग्रंथात वाचलेला धर्म आणि समाजात पाळला जाणारा धर्म यांत त्यांना मोठे अंतर दिसले. १६१६ मध्ये त्यांनी रब्बींच्या परंपरेवरील आक्षेप व्हेनिसला पाठवले. दोन वर्षांनी त्यांच्यावर बहिष्कार पडला. पुढील अभ्यासात त्यांना आढळले, की तोराच्या पाच ग्रंथांत परलोकाचे आश्वासन कोठेच स्पष्टपणे दिलेले नाही. आज्ञापालनाचे फळ म्हणजे वेळेवर पाऊस, भरघोस पीक, संतती व दीर्घायुष्य. शिक्षा म्हणजे दुष्काळ, रोगराई व पराभव. सारे याच जगात. आत्मा म्हणजे रक्तातील प्राण. तो आईबापांकडून अपत्याला मिळतो व देहाबरोबर संपतो, असे त्यांनी मांडले. यात ईश्वराला काही उणेपणा येतो, असे त्यांना वाटले नाही. उलट नरकाचे भय गेल्याने त्यांचे मन शांत झाले.

हे मत ज्यू इतिहासात अगदीच नवे नव्हते. प्राचीन सदुकी पंथही पुनरुत्थान मानत नसे. परंतु आम्स्टरडॅममधील ज्यू हे आश्रित होते. १६१५ मध्ये ह्यूगो ग्रोशियस यांनी ज्यूंसाठी तयार केलेल्या नियमांच्या मसुद्यात ईश्वराबरोबरच मरणोत्तर जीवनावरील विश्वासाचीही अट होती. दा कोस्टांचे मत त्यामुळे साऱ्या समाजालाच धोक्याचे वाटले असल्यास नवल नाही.

१६२३ मध्ये आम्स्टरडॅमच्या समाजानेही त्यांना बहिष्कृत केले. त्याच वर्षी वैद्य सामुएल दा सिल्वा यांनी त्यांच्या मतांचे खंडन प्रसिद्ध केले. दा कोस्टांनी १६२४ मध्ये पुस्तकरूपाने उत्तर दिले. पुस्तक जाळण्यात आले. लेखकाला काही दिवस तुरुंगवास व ३०० गिल्डर दंड झाला. भावांनी संबंध तोडले, आई मात्र सोबत राहिली.

अखेरची वर्षे

एकटेपणाला कंटाळून ते समाजात परतले, परंतु पुन्हा बाहेर पडले. तोवर मोशेचे नियमशास्त्रही त्यांना मानवनिर्मित वाटू लागले होते. १६४० मध्ये त्यांनी पुन्हा शरणागती पत्करली. त्यांच्या आत्मवृत्तानुसार, सिनेगॉगमध्ये जाहीर माफी, ३९ फटके आणि उंबऱ्यावर आडवे झाले असता सर्वांनी ओलांडून जाणे, असे हे प्रायश्चित्त होते. त्यानंतर लवकरच त्यांनी पिस्तुलाने आत्महत्या केली. त्याच समाजातील बारुख स्पिनोझा तेव्हा सात वर्षांचे होते.

हे लॅटिन आत्मवृत्त फिलिप फान लिंबोर्ख यांनी १६८७ मध्ये छापले. त्यात इतरांनी भर घातली असावी, असे काही अभ्यासक मानतात. नष्ट झाल्याचे समजले जाणारे १६२४चे पुस्तक १९९० मध्ये कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडले.