मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग

व्याकरणाचा तास म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. लिंग, वचन, विभक्ती ही नावे ऐकूनच जीव कंटाळतो. परंतु मराठी व्याकरणाचा भक्कम पाया ज्यांनी घातला, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे चरित्र वाचले आणि या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. हे घराणेच बुद्धिमंतांचे. एक धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. दुसरे बंधू भास्कर यांनी १८४१ साली वृत्तपत्रातून पत्रे लिहून इंग्रजी राज्यावर टीकेची झोड उठविली. दादोबांनी मात्र प्रथम भाषेचे काम हाती घेतले. १८३६ साली, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले. हे पुस्तक सुधारून वाढविण्याचे काम त्यांनी पुढेही चालू ठेवले. लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले, ते उगीच नव्हे!

त्यांच्यापुढे नमुना होता तो लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा. पण इंग्रजी अंगरखा मराठीच्या अंगाला कसा बसावा? इंग्रजीत निर्जीव वस्तू बहुधा नपुंसक. आमच्या करकंबच्या कोणत्याही गोठ्यात जाऊन पाहा. तो गोठा, ती गव्हाण आणि ते दावे! निर्जीव वस्तूंतही तिन्ही लिंगे एका छपराखाली नांदतात. जनावरांची तर मौजच निराळी. गाय, बैल आणि वासरू. म्हैस, रेडा आणि रेडकू. शेळी, बोकड आणि करडू. मेंढी, मेंढा आणि कोकरू. आई स्त्रीलिंगी, बाप पुल्लिंगी आणि पिलू नपुंसकलिंगी. तेच वासरू वाढले की त्याची कालवड होते, नाहीतर खोंड होतो. म्हणजे वयाबरोबर त्याचे लिंगही ठरते. पुन्हा ही पिलांची नावे बहुतेक ऊकारान्त. वासरूचे वासरे, करडूचे करडे. तसेच लेकरूचे लेकरे. माणसाचे मूल आणि गाईचे मूल आपल्या भाषेने एकाच पंगतीला बसविले आहे!

हे नियम माझ्या आईला कोणी शिकविले नाहीत. ती शाळेची पायरी चढलेली नाही. तरी वासरू हा शब्द तिने कधी पुल्लिंगी वापरला नाही, की वासराला म्हणताना तिची विभक्ती चुकली नाही. व्याकरणकार नियम घडवीत नाही. लोकांच्या तोंडी असलेले नियम तो शोधून मांडतो, हे मला येथे उमगले.

दादोबा केवळ पुस्तकात रमणारे नव्हते. जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, सुरतेच्या शाळेतील मास्तर, मुंबईत शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे प्रमुख अशी कामे त्यांनी केली. सुरतेस १८४४ साली मानवधर्म सभेच्या स्थापनेत ते पुढे होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली, तिचेही ते प्रेरक. जातिभेद न मानता सभासद तेथे गुप्तपणे एकत्र जेवत. भाषेचे नियम जपणारा हा गृहस्थ रूढीचे नियम मात्र मोडू पाहत होता! १८६० साली सभासदांची नावे बाहेर फुटली आणि भीतीने सभा मोडली. दादोबा नगरकडे डेप्युटी कलेक्टरही होते. भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामाबद्दल सरकारने त्यांना रावबहादुर केले. समतेची सभा काढणाऱ्याच्या हातून हे घडावे, याचे मला वाईट वाटते. पण चरित्र लिहायचे तर तेही सांगितले पाहिजे. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहिली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते निवर्तले.

एक शंका मात्र उरते. व्याकरण शाळेत गेले आणि शुद्ध-अशुद्धाची काठी झाले. म्हैस शुद्ध, आमची म्हस अशुद्ध! घरात शिकलेली पहिलीच पिढी असलेल्या आमच्यासारख्यांना ही काठी फार लागते. वर्गात तोंड उघडण्यापूर्वी आम्ही शब्द दोनदा चाचपतो. पण म्हस म्हणणारी माणसेही म्हशीला असेच म्हणतात, लिंग चुकवीत नाहीत. नियम त्यांच्याही बोलीत आहेत. ते टिपणारा मात्र कोणी हवा.

ते काम गोठ्यातून कॉलेजात आलेल्या आपणच का करू नये? आपापल्या गावचे शब्द लिंग-वचनासह वहीत उतरविण्यास आपण आरंभ केला, तर दादोबांना याहून दुसरी कोणती आदरांजली हवी?